आठ नंबरचा पाळणा आणि एकट्यांची रांग

मित्रांनो, मला आठ नंबरचा पाळणा म्हणत. आता कोणी काही म्हणत नाही. बागबाजारातल्या एका आवारात, पत्र्याच्या छपराखाली मी उलटा पडलो आहे. माझ्या पाठीवर नऊ नंबर आहे आणि त्याच्या पाठीवर दहा. माझ्याखाली कोण आहे ते मला दिसत नाही, पण चार नंबर असावा. तो पहिल्यापासूनच कुरकुऱ्या. कितीही वंगण घाला, ह्याचं रडगाणं चालूच.

पाळणा म्हटल्यावर तुम्हाला घरातला, बाळाचा पाळणा आठवेल. मी तो नव्हे. जत्रेतल्या आकाशपाळण्याला गोल फिरणाऱ्या बैठका असतात ना, त्यांतला मी एक. आम्ही बाराजण होतो. प्रत्येकाच्या मांडीवर दोन माणसं बसायची, त्यांच्या पोटासमोर एक लोखंडी दांडी आडवी पडायची, आणि मग आम्ही त्यांना वर न्यायचो. कलकत्त्याचे लोक आमच्या चाकाला नागरदोला म्हणत. नाव कानाला गोड लागतं, पण मला आमचं मराठी नाव जास्त आवडतं. आकाशपाळणा. बंगालमध्ये जन्मून मला मराठीचा एवढा कळवळा कुठून, ते सांगतो.

माझा जन्म हावड्याच्या एका लोहारखान्यातला, सन एकसष्टचा. माझं अंग लोखंडाचं आणि बैठक सागवानी फळ्यांची. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला निळा रंग दिला आणि पाठीवर पांढऱ्या रंगात बंगाली आठ काढला. ज्यांनी आम्हाला बनवून घेतलं ते रघुनाथराव मात्र सांगलीकडचे. तरुणपणी ते सर्कशीत उंच झोक्यावर काम करत. त्या भागातल्या पोरांना शाळेआधी सर्कस कळते म्हणतात. सर्कस फिरत फिरत कलकत्त्याला आली, इथे त्यांचा खांदा निखळला, सर्कस पुढे गेली आणि ते मागे राहिले. उंचावरून खाली यायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. म्हणून त्यांनी दुसऱ्यांना उंचावर नेण्याचा धंदा काढला.

रोज सकाळी ते आम्हाला तेल-पाणी करत आणि बोलत बसत. घरी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून सगळं आमच्याशी. त्यातून मला मराठी आलं. बागबाजारला राहायला गेले तेव्हा म्हणाले, "आठ्या, गंमत ऐक. आपल्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धाकाने ह्या शहराने इथूनच खंदक खणायला घेतला होता. आज मीच त्यांच्या पोरांना गरगर फिरवतो आणि ती खुशीने ओरडतात. झाली की नाही फिट्टंफाट?" आणि स्वतःच हसले. त्यांचा विनोद ऐकायला तरी कोण होतं दुसरं?

आमचा मुक्काम थंडीच्या दिवसांत सियालदह स्टेशनाजवळच्या एका मैदानावर असे. तिथे दोन महिने मेळा भरायचा. पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. लोक आम्हाला बघून मान वर करायचे आणि त्यांचं तोंड उघडं राहायचं. दहा-दहा वर्षांची मुलं माझ्या दांडीला घट्ट धरून किंचाळायची आणि खाली उतरली की पुन्हा चला म्हणून आईच्या पदराला झोंबायची. वरून मला स्टेशनचे रूळ दिसायचे, ट्रामच्या तारा दिसायच्या, आणि धुराच्या वर एक लांबट लाल सूर्य.

दुःख एकच होतं. तिघांचं कुटुंब आलं, की दोघं सात नंबरमध्ये बसायची आणि तिसरा एकटा माझ्यात. माझी अर्धी मांडी रिकामी वर जायची. मला ते अपमानाचं वाटे. सात नंबर जोडीने मिरवतोय आणि मी एका बाजूला कललेलो. रघुनाथरावांनाही रिकामी जागा खपत नसे. सर्कशीत एक खुर्ची रिकामी राहिली तरी मालकाचा पारा चढायचा, ते त्यांच्या अंगात भिनलं होतं.

एकाहत्तरच्या थंडीत त्यांनी युक्ती काढली. मोठ्या रांगेशेजारी दोर बांधून दुसरी एक बारीक रांग केली आणि पाटी लावली, की जे एकटे आहेत आणि कोणाही शेजारी बसायला तयार आहेत त्यांनी इथे उभं राहावं. एखाद्या पाळण्यात एक जागा मोकळी राहिली की ते बंगालीत एक माणूस हवा म्हणून हाक मारत, "एकजोन! एकजोन!" आणि बारीक रांगेतला पहिला माणूस पळत येऊन बसे. मोठ्या रांगेत तास मोडायचा, तिथे ह्या रांगेत दहा मिनिटांत काम.

काय सांगू मित्रांनो, त्या रांगेने मला माणसं दिली! लोकल सुटायला पाव तास आहे म्हणून आलेले कारकून, दुपारपाळी संपवून आलेली एक परिचारिका, बायको वारल्यावर पहिल्यांदाच जत्रेत आलेले एक निवृत्त मास्तर. अनोळखी माणसं शेजारी-शेजारी बसायची, वर जाईपर्यंत ताठ असायची, आणि खाली येताना एकमेकांना गाव विचारायची. मी भरलेला असे. मी खूश होतो. हे मी आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सांगताना मला हात झटकून मोकळं व्हायचं नाही.

रघुनाथरावांचे त्या रांगेचे दोन नियम होते. बाईशेजारी बाईच बसेल. आणि दहा वर्षांखालचं मूल ह्या रांगेत घ्यायचं नाही. चाक एकेक पाळणा रिकामा करत जातं, त्यामुळे मूल आधी उतरतं आणि आईबाप वरच राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय आत यायची वाट एका बाजूला आणि बाहेर पडायची दुसऱ्या. पण हे नियम पाटीवर नव्हते, त्यांच्या तोंडात होते.

हळूहळू हुशार लोकांना रांगेची खुबी कळली. चांगली नवरा-बायको वेगळी उभी राहून एकमेकांना न ओळखल्यासारखी करायची आणि वेळ वाचवायची. रघुनाथराव डोळेझाक करत. मोठी माणसं, बसेनात का वेगळी!

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीतल्या एका संध्याकाळी मोठी रांग मैदानाच्या फाटकापर्यंत गेली होती. मी खाली होतो. तेवढ्यात बारीक रांगेतून आवाज आला.

"वृंदा, बटणं लाव बघू स्वेटरची. वर वारा असेल."

रघुनाथरावांची मान गर्रकन वळली. कलकत्त्यात मराठी कानावर पडणं म्हणजे त्यांना सणासारखं. दोराशी एक गृहस्थ, एक बाई आणि सात वर्षांची एक मुलगी उभी होती. गृहस्थांचं नाव श्यामकांत. केंद्र सरकारच्या नोकरीतले, चार महिन्यांपूर्वी नागपूरहून बदलून बालीगंजला राहायला आलेले. बाईंचं नाव प्रेमलता.

"मराठी का हो आपण?" रघुनाथरावांनी विचारलं.

"अहो, तुम्हीही?" श्यामकांत म्हणाले. "वा! चार महिन्यांत ऑफिसबाहेर पहिलाच मराठी माणूस भेटतोय."

मग गाव कोणतं, इकडे कसे, मासे मानवले का, अशी चौकशी झाली. मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा रघुनाथराव भानावर आले. म्हणाले, "साहेब, पण ही रांग एकट्यांची. पोरीला इथून नाही घेता यायचं. तुम्ही मोठ्या रांगेत जा."

श्यामकांतांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. घाई ही ह्या गृहस्थांची लग्नाआधीपासूनची सोबतीण असावी. "मोठ्या रांगेत तास जाईल हो. सहा दहाची बालीगंजची लोकल गेली, की पुढच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. आम्ही तिघं वेगळे बसतो, पाऊण तास वाचेल."

"अहो, नको," प्रेमलताबाई म्हणाल्या. "नाही तर मी आणि वृंदा थांबतो मोठ्या रांगेत. नाही तर राहू दे आज. पुन्हा येऊ."

"पुन्हा कधी? पोर आठवडाभर नाचते आहे. आणि ती काय कुक्कुलं बाळ आहे? तीन गावांच्या बदल्या बघितल्यात तिने. वृंदा, चुकामूक झाली तर काय करायचं?"

"स्टेशनवर जायचं," वृंदा धडा म्हणावा तशी म्हणाली. "मोठ्या घड्याळाखाली उभं राहायचं. कोणाशी बोलायचं नाही, कोणी दिलेलं खायचं नाही."

हा त्यांच्या घरचा नियम होता. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या घरात मुलांना पत्ता पाठ होतो न होतो तोच तो बदलतो. पण स्टेशन सगळ्या गावांत असतं, त्यावर घड्याळ असतं, आणि छोट्या गावात स्टेशनमास्तर सगळ्यांना ओळखतो. नियम चांगलाच होता. फक्त तो सियालदहसाठी केलेला नव्हता.

"शहाणी आहे हो पोर," रघुनाथराव हसले. मग प्रेमलताबाईंकडे बघून म्हणाले, "वहिनी, काळजी नको. मी आहे ना खाली! बाहेरच्या दोरापाशी उभी करतो तिला. आपलीच माणसं तुम्ही."

प्रेमलताबाईंनी क्षणभर वर चाकाकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून. ती मान पुढे त्यांनी किती वेळा मनात हलवली आणि परत घेतली, ते मला माहीत आहे.

दोन नंबरमध्ये त्या परिचारिकेशेजारी जागा होती, तिथे वृंदाला बसवलं. पाच नंबरमध्ये श्यामकांत बसले. माझ्यात एक बंगाली बाई एकट्या होत्या, त्यांच्या शेजारी प्रेमलताबाई आल्या. मी भरलो. मला बरं वाटलं.

सहा फेऱ्या झाल्या. वृंदा हसत होती, तिचं हसणं चाकाच्या पलीकडून माझ्यापर्यंत येत होतं. प्रेमलताबाईही हसल्या आणि शेजारणीला मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मेरी लडकी." मग चाक थांबत थांबत रिकामं व्हायला लागलं. पहिला पाळणा उतरला. मग दुसरा. बारा पाळण्यांच्या चाकात दोन नंबर खाली असतो तेव्हा आठ नंबर सगळ्यात वर असतो. मी टोकाला होतो.

वृंदा उतरली. परिचारिकेने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती आपल्या वाटेने गेली. वृंदा बाहेरच्या दोरापाशी जाऊन उभी राहिली, वर बघितलं आणि हात हलवला. प्रेमलताबाईंनीही हलवला.

आणि वीज गेली.

त्या वर्षांत कलकत्त्यात वीज जाणं नवलाचं नव्हतं. पण मेळा भरात असताना, दहा हजार माणसं मैदानात असताना गेली, की अंधारात एक आवाज उठतो. आधी सगळे "हो" करून ओरडतात, मग कोणीतरी धक्का देतं, मग कोणाचं पोर रडतं. खाली दोर तुटल्याचा आवाज मी ऐकला. माणसांचा एक लोंढा बाहेरच्या वाटेवरून गेला.

"वृंदा!" प्रेमलताबाई उठून उभ्या राहायला लागल्या. शेजारणीने त्यांना कमरेला मिठी मारून खाली ओढलं, नाही तर त्या दिवशी आणखी एक अनर्थ झाला असता. "वृंदा! तिथेच थांब! हलू नकोस!" त्यांचा आवाज फाटला. अर्ध्या उंचीवरून श्यामकांत ओरडत होते, "रघुनाथराव, पोरीकडे बघा हो! पोरीकडे बघा!"

रघुनाथराव अंधारात धावले. पण त्यांच्या डोक्यावर वीस माणसं लटकत होती आणि त्यांतली दोन-तीन दांडी काढून उतरू बघत होती. ते चार पावलं दोराकडे गेले आणि परत फिरले. आमच्या इंजिनावर जयप्रकाश नावाचा बिहारी गडी होता. त्याने डिझेलचं इंजिन चालू करायला हँडल मारमार मारलं, ते फुरफुरलं आणि बंद पडलं. शेवटी सहा माणसांनी चाक हाताने ओढायला घेतलं. त्याला पस्तीस मिनिटं लागली. मित्रांनो, मी पस्तीस मिनिटं एका आईला टोकावर धरून बसलो होतो. सोडवत नव्हतं आणि खाली नेताही येत नव्हतं. माझ्या दांडीवर त्यांच्या नखांचे ओरखडे आहेत, रंग निघून लोखंड दिसतं.

खाली आल्या तेव्हा दोरापाशी कोणी नव्हतं.

पुढचं मी पाहिलं नाही, रघुनाथरावांच्या तोंडून ऐकलं. गॅसबत्त्या घेऊन त्यांनी सगळं मैदान पालथं घातलं. प्रेमलताबाई एकसारख्या म्हणत होत्या, "स्टेशनवर बघा, ती स्टेशनवर गेली असेल." आणि श्यामकांत म्हणत होते, "एवढ्या अंधारात, एवढ्या गर्दीत ती एकटी कशी जाईल? इथेच असेल कुठेतरी, घाबरून बसली असेल." सव्वा तास त्यात गेला. मग फाटकाजवळ शेंगदाणे विकणारा एक चिनेबदामवाला म्हणाला, की हो, एक छोटी मुलगी आली होती, रडत नव्हती, तिने फक्त "स्टेशन?" एवढंच विचारलं. त्याने बोट दाखवलं. तिने त्याला हात जोडले.

सियालदहला पोचले तेव्हा घड्याळाखाली माणसांची रीघ लागली होती. तिथे एक हमाल बसला होता. त्याने सांगितलं, "थी, बाबूजी. बहुत देर खड़ी थी. मैंने पूछा, कुछ बोली नहीं. मैंने बिस्कुट दिया, लिया नहीं." मग कोणीतरी बाई आली, तिच्याशी बोलत होती. मुलगी नाही नाही म्हणून मान हलवत होती. मग गाडीची गर्दी आली आणि गेली, आणि जागा रिकामी होती.

तिने एकही नियम मोडला नव्हता. सगळे नियम मोठ्यांनी मोडले होते, आणि मोडताना हसत होते.

दुसऱ्या दिवशी रघुनाथरावांनी एकट्यांच्या रांगेचा दोर काढला आणि पाटी इंजिनाखाली जाळली. त्यानंतर त्यांनी आमच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं. एकदाच, मला तेल घालताना म्हणाले, "आठ्या, मराठी बोलली नसती ती माणसं, तर मी नाही म्हणालो असतो रे." आणि तेलाचा डबा तिथेच ठेवून निघून गेले.

पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला. श्यामकांत दर रविवारी एकेका लोकलने शेवटच्या स्टेशनापर्यंत जात आणि परतताना प्रत्येक स्टेशनवर उतरून फोटो दाखवत. प्रेमलताबाई रोज संध्याकाळी घड्याळाखाली उभ्या राहत. वर्षभर.

पुढच्या थंडीत आम्ही पुन्हा मैदानावर उभे राहिलो आणि पहिल्याच दिवशी त्या आल्या. केस अर्धे पांढरे झाले होते. रघुनाथराव त्यांना पाहून पुढे आले.

"वहिनी..."

"मला आठ नंबरमध्ये बसवा," त्या म्हणाल्या. "एकटीला."

"वहिनी, कशाला जिवाला त्रास करून घेता?"

"तुम्हाला नाही कळायचं. ती मला शेवटची तिथून दिसली. घड्याळाखाली रोज उभी राहते, तिथून दिसत नाही. पोलिसांत जाते, तिथून दिसत नाही. जिथून दिसली होती तिथून तरी बघू द्या मला."

रघुनाथरावांनी दांडी लावली. मी टोकावर गेलो तेव्हा त्यांनी जयप्रकाशला खूण केली आणि चाक थोडा वेळ थांबवलं. प्रेमलताबाई वाकून बाहेरच्या दोराकडे बघत राहिल्या. गर्दीतल्या एकेका मुलीवर त्यांची नजर थांबायची आणि पुढे जायची. माझी अर्धी जागा रिकामी होती. रिकाम्या जागेचा मी इतका दुस्वास केला होता, आणि त्या दिवशी कोणी तिथे येऊन बसू नये म्हणून मी आतल्या आत देवाला विनवत होतो.

त्या दर थंडीत आल्या. दुसऱ्या वर्षी रघुनाथरावांना म्हणाल्या, "आता मी नऊ वर्षांच्या मुली बघते. मागल्या खेपेला आठ वर्षांच्या बघत होते. ती वाढत असेल ना!" हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. जयप्रकाशने तोंड फिरवलं.

शहात्तर साली श्यामकांतांची भोपाळला बदली झाली. सरकारी नोकरीत असल्या गोष्टींना कोणी विचारत नाही. सामान बांधायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही जा. मी इथेच राहते."

"प्रेमा, असं कसं? इथे तुझं कोण आहे?"

"माझी मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "ती परत आली आणि दाराला दुसऱ्याचं नाव असलं तर? आपण दोघंही गेलो तर ती कोणाला हुडकेल?"

श्यामकांत गेले. बाईंनी घरमालकाला विनवून तेच घर ठेवलं, आणि तिथल्याच एका शाळेत छोट्या मुलांना शिकवायला लागल्या. हे सगळं त्यांनीच रघुनाथरावांना सांगितलं, चाकापाशी उभ्या राहून. त्या शहरात त्यांच्या भाषेत त्यांचं ऐकून घेणारं माणूस दुसरं नव्हतं, आणि ज्याला दोष द्यावा तोही तोच होता. मला वाटतं, म्हणूनच त्या त्यांच्याशी बोलत.

सत्त्याहत्तरच्या थंडीत श्यामकांत रजा घेऊन आले. दोघं मोठ्या रांगेत उभी राहिली. दीड तास उभी होती. मग माझ्यात शेजारी-शेजारी बसली. बाईंच्या फेरीला किती वर्षांनी मी भरलो होतो, आणि इतका जड कधीच झालो नव्हतो. टोकावर चाक थांबलं. बाई खाली बघत होत्या. श्यामकांतांनी खाली पाहिलंच नाही, ते आपल्या हातांकडे बघत होते.

"मला वाटलं होतं, पाऊण तास वाचेल," ते म्हणाले.

चाक खाली यायला लागलं तेव्हा प्रेमलताबाईंनी त्यांचा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. दोन दिवसांनी श्यामकांत भोपाळला परत गेले.

माझं तरी काय उरलं होतं? फळ्या कुजल्या होत्या, सांधे ढिले झाले होते. अठ्ठ्याहत्तर साली तपासणीला आलेल्या माणसाने चाकाभोवती एक फेरी मारली आणि हे पुन्हा उभं करायचं नाही असं लिहून दिलं. बरोबरच होतं त्याचं. आम्हाला सुटं करून बागबाजारात आणलं आणि एकावर एक रचलं. माझी बढाई, माझा निळा रंग, सगळं छपराखाली गेलं. ह्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. लोखंडाने कधीतरी पडून राहायचंच असतं.

वाईट वाटलं ते त्या थंडीत. मैदानावर चाक दिसलं नाही म्हणून प्रेमलताबाई पत्ता विचारत विचारत बागबाजारात आल्या. रघुनाथराव आता थकले आहेत, दारात खाटेवर बसून असतात. त्यांनी छपराकडे बोट दाखवलं. बाई आत आल्या, ढिगाऱ्यात पाठीवरचे आकडे वाचत वाचत माझ्यापाशी थांबल्या आणि माझ्या दांडीवर हात ठेवला. मग वळून त्यांनी विचारलं,

"मग आता मी कुठून बघू, रघुनाथराव?"

रघुनाथराव उंच झोक्यावर काम केलेला माणूस. पण ते ओक्साबोक्शी रडले, आणि बाईंनीच त्यांना पाणी आणून दिलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने स्वतःसाठी काही मागायची रीत आहे. मला रंग द्या, मला तेल घाला. मला काही नको. तुमचं मोठं माणूस घाईत असलं आणि म्हणालं, की वेगळे बसू, लवकर आटपेल, तर त्याचा हात सोडू नका. रुसा, रडा, जमिनीवर लोळण घ्या, सगळी जत्रा बघत राहिली तरी चालेल. तेवढ्यापुरतं वाईट मूल व्हा.

आणि एक निरोप आहे. वृंदाला आता तेरावं लागलं असेल. तिच्या डाव्या भुवईत एक तिरकी खूण आहे आणि हसताना ती दोन्ही डोळे मिटते. ती आता कदाचित मराठी विसरली असेल, नावही दुसरं असेल. तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत, एखाद्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनाजवळ, आपण कुठून आलो हे नीट न आठवणारी अशी कोणी भेटली, तर तिला येईल त्या भाषेत सांगा. बदली फक्त बाबांची झाली. आई बालीगंजमध्येच आहे.